भीत भीत बसला

लालबागला काकींच्या खाणावळीत भुकेल्या माणसाला आधी गाणं म्हणावं लागे, मग भात मिळे.

"आधी गळा, मग गोळा," असं म्हणून काकी हातातला, भोकं कधीच बुजलेला झारा दाराच्या चौकटीवर आपटत. गिरणीची पहिली पाळी सुटून हातपाय धुऊन आलेली माणसं खोलीत दोन रांगा करून समोरासमोर बसलेली असत. जागा पुरली नाही की शेपूट गॅलरीत. प्रत्येकापुढं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट, पण पालथं. त्या पालथ्या ताटावर बोटांनी ठेका धरायचा. मग काकी स्वयंपाकाच्या दारातून विचारायच्या, "पंगतीला कोण बसला?" आणि सगळी पंगत ओरडायची, "कोण बसला, काकी, कोण बसला?"

की लगेच पहिल्या ताटावरचा माणूस आपली ओळ म्हणायचा. ओळ ज्यानं त्यानं स्वतःवर केलेली, आणि खरी असली पाहिजे ही अट. सगळ्यांनी ती परत म्हटली की त्या माणसानं ताट सुलटं करायचं. मग दुसरा. असं करत करत गाणं दोन्ही रांगांवरून फिरून काकींपाशी परत आलं, सगळी ताटं तोंड वर करून बसली, की झारा डाळीत पडे. त्याच्या आधी नाही. भूक लागली म्हणून नाही, उशीर झाला म्हणून नाही, अगदी वरच्या मजल्यावरच्या कारकुनानं काठीनं जमीन ठोकली म्हणूनही नाही. त्या कारकुनाची काठी उलट ठेक्यात बसायची. काकी वर बघून म्हणायच्या, "भाऊसाहेब, जरा जोरात, ऐकू येत नाही."

पहिल्या संध्याकाळी मी दारातनंच मागं फिरणार होतो. मला वाटलं, ही वेड्यांची जागा. माझं गाव खानापूरकडचं, बेळगावच्याही पलीकडं. शाळा पाचवीत सुटलेली, मुंबईत ओळखीचा एक चुलता, तोही मला गिरणीच्या दारात उभा करून परत गेलेला. मी बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहायचं, कुणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर घरी. घर म्हणजे करी रोडला एका खोलीतली वळकटीपुरती जागा, आणि त्या जागेवरही मी कामाला गेलो की दुसरा झोपायचा. रात्रपाळीवाल्यांना मी दिवसपाळीचा वाटे, दिवसपाळीवाल्यांना रात्रपाळीचा. त्या दिवसांत मला एकच धास्ती होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. आपण या मुंबईत हरवलो तर कुणाला कळणार? गावाकडं कळायला सहा महिने जातील. आणि इथं तर कळायचं कारणच नाही.

दारात घुटमळताना काकींनी मला पाहिलं.

"कुठलं गाव?"

"खानापूर. बेळगावकडचं."

"मग खानापूर, आत ये. महाडच्या शेजारी बस. वारा आत येतोय, चूल विझेल माझी."

काकी माणसाला कधी नावानं हाक मारत नसत. त्यांच्या लेखी माणसाला नाव नसायचं, गाव असायचं. सावंतवाडी म्हणजे साचाखात्यात मागावर काम करणारा एक काटकुळा माणूस, नाकात बोलणारा. कराड म्हणजे पैलवान, ज्याच्या मांडीखाली दोन माणसांची जागा जायची. पेण हा स्वच्छतेचा भोक्ता, ताट घासलेलं असलं तरी पुन्हा पंच्यानं पुसायचा. आणि महाड परळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. तेव्हा नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, पांढराशुभ्र सदरा घालायचा आणि पाठ भिंतीला कधी टेकायचा नाही. बाहेर रस्त्यावर लोक संयुक्त महाराष्ट्र मागत होते, मोर्चे निघत होते, दिल्लीला काही पटत नव्हतं. काकींच्या खोलीत तो कधीचा झालेला होता आणि जेवायला बसलेला होता.

काकींचं स्वतःचं गाव कुठलं, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. सावंतवाडीशी त्या मालवणीत भांडायच्या, कराडशी घाटावरचं बोलायच्या, आणि मी बुजलोय असं दिसलं की माझ्याकडं बघून "होय की गा" म्हणायच्या. विचारलं की त्या झारा दाखवत. तो झारा त्यांच्या हातातून सुटलेला कुणी पाहिलेला नव्हता. नळावर पाणी भरायला झारा, रेशनच्या रांगेत झारा. एकदा चाळीत कुणाच्या तरी लग्नाला गेल्या तेव्हा पैठणी नेसून झारा घेऊन गेल्या, आणि मंगलाष्टकं ढिली पडताहेत म्हणून तोच वर करून भटजींना ठेका दिला.

सूर नावाचा काही प्रकार असतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते गाण्याला दोन गोष्टी पुरत, छाती आणि आपला नंबर. एकट्यानं गाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "एकटा गाणारा माणूस एक तर प्रेमात पडलेला असतो, नाही तर मोरीत बसलेला," असं त्या म्हणत. कुणी नुसता गुणगुणला तरी त्यांना खपत नसे. "गुणगुणू नको रे. गुणगुणणं म्हणजे डब्यातला लाडू चोरून खाणं. गायचंय तर सगळ्यांना वाढ."

एकदा गिरगावातले एक भजनी बुवा कुणाच्या तरी ओळखीनं जेवायला आले. गळ्यात उपरणं, चांगला कमावलेला आवाज. आमचं गाणं ऐकून त्यांचा घास घशात अडकला, आणि तो अजून वाढलाही नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "यांची प्रत्येकाची पट्टी निराळी आहे हो!"

"चपलाही निराळ्याच आहेत बुवा. दारात बघा."

बुवा हट्टाला पेटले. चार संध्याकाळी त्यांनी आम्हाला बसवलं, प्रत्येकाला स्वर दिला, कराडला तर छातीवर हात ठेवून खर्ज शिकवला. पाचव्या दिवशी गाणं असं गोड झालं की गॅलरीत बायका जमल्या, वरचा कारकून काठी न ठोकता जिना उतरून खाली आला. बुवांच्या डोळ्यांत पाणी. काकींचा झारा मात्र डाळीकडं वळला नाही.

"काय झालं बाई? आवडलं नाही?"

"छान झालं की. पण काल कराडचा गुडघा जास्त दुखत होता, ते मला गाण्यात कळलं. आज कुणाचं काहीच कळलं नाही. सगळेच सुखी! हे कसं चालेल?" आणि पंगतीकडं वळून, "चला रे, बुवांचं झालं. आता खरं म्हणा."

आम्ही इतकं बेसूर म्हटलं की बुवांनी कान झाकले. पण गेले नाहीत. पुढं रोज येऊ लागले आणि त्यांनाही ओळ मिळाली: "गिरगाव बसला, कान झाकून बसला, कुठं येऊन पडलो म्हणाला."

गाण्यात कळलं, हे काकी उगाच म्हणत नव्हत्या. एकदा सावंतवाडीची ओळ झाली, "सावंतवाडी बसला, वास घेत बसला, बांगडा कुठं गेला म्हणाला," सगळ्यांनी परत म्हटली, आणि काकी एकदम म्हणाल्या, "थांबा. काय रे सावंतवाडी, आज तुझो बांगडो पाण्यात खाली का गेलो? घराकडसून काय कळला?"

सावंतवाडी आधी नाही नाही म्हणाला. मग ताटाकडं बघत म्हणाला, "आवशीक बरा नाय, काकी." आई आजारी होती. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर पेणनं आपली ट्रंक त्याला दिली, कराडनं ती डोक्यावर घेतली, आणि आम्ही सगळे त्याला बोटीवर बसवायला भाऊच्या धक्क्याकडं निघालो. वाटेत सावंतवाडी रडत होता आणि हसत होता, कारण कराड ट्रंकेखालून ओरडत होता, "आरं लेका, ट्रंकंत दगुड घातलास काय? का सगळी खाणावळ घरला न्यायलास?"

महाडची ओळ सगळ्यात सरळ. "महाड बसला, ताठ बसला, पाणी माझं मी घेईन म्हणाला." एक नवा माणूस आला होता, चांगल्या घरचा म्हणवणारा. तो दुसऱ्या दिवशी काकींच्या कानाशी लागून म्हणाला, याच्या शेजारी मी बसणार नाही. काकी अजिबात रागावल्या नाहीत.

"बरं, गॅलरीत बस. ओळ मात्र तिथनं म्हणायची, आणि ठेका इथला."

आता गॅलरीतून आतला ठेका नीट ऐकू येत नाही. त्याची ओळ रोज उशिरा पडायची. ओळ चुकली की ताट पालथं, एक ताट पालथं की सगळ्यांचं जेवण अडलेलं. भुकेली पंगत त्याच्या नावानं शंख करी. "अरे गॅलरी, मर की लवकर!" त्याचं गावच गॅलरी पडलं. शेवटी एका संध्याकाळी तो आपलं ताट काखेत मारून आत आला आणि मुकाट्यानं महाडच्या पलीकडं येऊन उभा राहिला. महाड सरकला नाही. "जागा आहे तेवढी आहे. बस," म्हणाला. तो बसला. त्या दिवशी ठेका बरोबर पडला आणि काकींनी डाळीवर तुपाची धार सोडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तूप संपवायचं होतं."

मी महाडच्या अलीकडं. पण मला ओळ नव्हती. नंबर माझा आला की मी मान खाली घालून बसायचो. बाकीचे ओळी सुचवायचे. "खानापूर बसला, खांबासारखा बसला!" "खानापूर बसला, मुका बसला, कानडीत काय तरी म्हणाला!" काकी झारा उगारायच्या. "गप. त्याची शिजतेय. कच्ची ओळ काढू नये, पोटात दुखतं." आणि माझं ताट त्या स्वतः वाकून सुलटं करायच्या. नव्या माणसाला तेवढी सूट होती. पण मला आतून लाज वाटायची. त्यापेक्षा भीती जास्त. कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गाणं कुणाला गाळून पुढं जात नसे. माणूस पाळी बदलली म्हणून, गावी गेला म्हणून येणार नसेल तर आधी सांगून जाई आणि त्याचं ताट फळीवर चढे. न सांगता गैरहजर राहिला, तर ताट पालथं, आणि गाणं तिथं येऊन थांबे. नुसता ठेका. पुढचा माणूस आपली ओळ म्हणत नसे. मग कुणीतरी उठून त्याला शोधायला जाई.

एकदा पेण असाच आला नाही. ठेका वाजतोय, वाजतोय, बोटं दुखली. शेवटी कराड त्याच्या खोलीवर, सावंतवाडी गिरणीच्या दारात, बुवा इस्पितळात, अशी फौज निघाली. परत आली ती पेणला दंडाला धरून. तो मामेबहिणीच्या साखरपुड्याला परळच्या नाक्यावर बुंदी खात बसला होता.

"सांगून जायला काय झालं होतं?" काकी.

"अहो काकी, एका जेवणाचा प्रश्न होता."

"तुझ्या एकट्याच्या जेवणाचा? इकडं सगळ्यांचं अडलंय!" आणि पुढं कितीतरी दिवस त्याला आपली ओळ दाराबाहेर उभं राहून म्हणावी लागली, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

सगळे हसले. मी हसलो नाही. मी मनात म्हटलं, पेण हरवला तर गाणं थांबतं. मी हरवलो तर काकी माझं ताट सुलटं करतील आणि गाणं पुढं जाईल. ज्याला ओळ नाही त्याच्याशी अडायचं कशाला?

ओळ आली ती काही मी ठरवून नाही. लागोपाठ तीन दिवस गिरणीच्या दारातून परत आलेलो, काम नाही. चौथ्या दिवशी साच्यावर उभा राहिलो तो मागाच्या धोट्याच्या आवाजानंही दचकत होतो. संध्याकाळी पंगतीला बसलो. आदल्या दिवशीच्या आमटीनं माझी जीभ अजून सोललेली होती, आणि दारातून त्याच आमटीचा वास आला. माझा नंबर आला. मी तोंड उघडलं ते खरं तर काकींना विनवायला. पण ठेका चालू होता, आणि ठेक्यात माणूस विनवणीसुद्धा ठेक्यातच करतो.

"खानापूर बसला, भीत भीत बसला, आमटी तिखट, पाणी म्हणाला!"

मग छप्पर उडालं. कराडनं माझ्या पाठीत असा धपका मारला की मी महाडच्या ताटावर. सावंतवाडी लोळायला लागला. आणि मग सगळ्यांनी ती ओळ परत म्हटली, पुन्हा म्हटली, गॅलरीतल्या बायकांनी म्हटली, वरून कारकुनानं काठीनं म्हटली. "भीत भीत बसला! भीत भीत बसला!" इतके दिवस मी जी गोष्ट अंगाखाली दाबून झोपत होतो, ती आता खोलीभर उड्या मारत होती, आणि प्रत्येकाच्या तोंडात थोडी थोडी होती, पंगतीत कोशिंबीर वाढावी तशी. माझ्या वाट्याला फार उरली नाही. मी पहिल्यांदा माझं ताट माझ्या हातानं सुलटं केलं. काकी म्हणाल्या, "शिजली," आणि आत जाऊन आमटीत आणखी पाणी ओतलं.

पुढं महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाचं सांगतो, म्हणजे विसरायला नको. लालबागला गुलाल, ताशे, खाणावळीत त्या एका दिवशी गाण्याआधीच हातावर शिरा. माझं गाव त्यात आलं नाही. सीमेपलीकडं राहिलं. मी शिरा तोंडात धरून बसलो होतो. पंगतीत गाणं माझ्यापाशी आलं तेव्हा काकींनी झारा वर केला. "थांबा. खानापूरची ओळ आज दोनदा. गाव राहिलं असंल तिकडं, माणूस इकडं आहे." सगळ्यांनी दोनदा म्हटली. मग कराड म्हणाला, "काकी, माझीबी दोनदा घ्या, शिरा लय भारी झालाय." आणि मला हसू फुटलं ते शिऱ्यासकट. अजूनही कुणी सीमाप्रश्न म्हटलं की मला आधी तुपाचा वास येतो. हे बरोबर नाही, पण येतो.

तर त्याच्या आधीची गोष्ट. मोर्चांचे दिवस. काकी आम्हाला मोर्चाला पाठवत, पण पंगतीच्या क्रमानं. "ओळ मोडायची नाही. मोडली तर मला मोजता येत नाही." पुढारी ओरडत, गिरणीवार उभे राहा, कामगार बांधवांनो! आम्ही ताटवार उभे. मागचे विचारत, ही कुठली गिरणी? कराड छाती काढून सांगे, "काकी मिल."

अशाच एका मोर्चाच्या दिवशी सकाळी पेण आणि मी गेरू कालवून भिंतीवर घोषणा रंगवल्या होत्या. पेणनं काम संपल्यावर हात साबणानं तीनदा धुतले. मी नुसते झटकले. दुपारी नाक्यावर गर्दी दाटली, मागून कुणीतरी रेटलं, पुढून लाठ्या आल्या, आणि ओळ मोडली. मी पळालो. कुठं पळतोय हे माझ्या पायांना विचारायला पाहिजे होतं, मला माहीत नव्हतं. पूल ओलांडला, रूळ ओलांडले, आणि थांबलो तेव्हा चहूकडं लाकडं. रे रोडच्या वखारी. सागवानाच्या थप्प्या घराएवढ्या उंच, मधे गल्ल्या. मी दोन थप्प्यांच्या फटीत शिरलो आणि बसलो.

गल्लीच्या तोंडाशी एक हवालदार येऊन उभा राहिला. सकाळपासून आवई होती की ज्याच्या हाताला गेरू त्याला उचलतात. मी हात बघितले. लालभडक. भुसा घेऊन घासले. रंग गेला नाही, भुसा मात्र चिकटला. आता हात लाल होते आणि केसाळही होते. हवालदार काही हलेना. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या. दिवेलागणीनंतर बाहेर दिसेल त्याला आत घालणार असंही म्हणत होते. मला परतीची वाटही ठाऊक नव्हती. मनात तीच जुनी धास्ती, आता चांगली ऐसपैस बसलेली. संपलं. कुणाला कळणार?

तेवढ्यात लांबून ठेका ऐकू आला.

जर्मनच्या ताटाचा. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. ठेका जवळ आला, आणि त्याच्यावर काकींचा आवाज, गिरणीच्या भोंग्यासारखा, वखारीवरून वखारीवर आपटत. "पंगतीला कोण बसला?"

"कोण बसला, काकी, कोण बसला?"

मी फटीला डोळा लावला. काकी पुढं, एका हातात झारा, दुसऱ्या हातात माझं ताट, आणि त्यावर त्या झाऱ्यानं ठेका देतायत. मागं सगळी पंगत, क्रमानं. कराडनं मला पूल ओलांडताना पाहिलं होतं, असं नंतर कळलं. त्यांनी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाणं सुरू करायचं आणि वाट बघायची, असं चालवलं होतं. सावंतवाडीची ओळ झाली. कराडची झाली. पेणची झाली. आणि गाणं थांबलं. नुसता ठेका.

"ओ बाई! ओ!" हवालदार पुढं झाला. "काय चाललंय? जमावबंदी आहे, ठाऊक नाही?"

"जमाव कुठं आहे? ही पंगत आहे."

"रस्त्यात पंगत?"

"एक माणूस कमी पडलाय. तो बसल्याशिवाय कुणाला वाढता येत नाही."

"चारच्या वर माणसं दिसली तर आत घ्यायचा हुकूम आहे मला."

"घ्या की. पण आत घेतलंत तर जेवायला घालावं लागेल. हा कराड बघून ठेवा आधी."

"काकी, उगं कशाला माझं नाव," कराड पुटपुटला.

"तुमचं गाव कुठलं हो?" काकींनी विचारलं.

"चिपळूण," हवालदाराच्या तोंडून निघून गेलं.

"मग चिपळूण, काठीला टेकून उभे काय राहता? टाळी धरा. आमचा ठेका केव्हाचा पळतोय."

हवालदारानं काठी काखेत मारली. मग एक नवी टाळी सुरू झाली, जाडजूड, जराशी मागं पडणारी.

ठेका चालूच. बुवांचा आवाज आला, दमलेला. "महाड, तू म्हण पुढं. एवढ्या वेळेला सोडून दे. अंधार पडतोय. पुढच्या गल्लीत बघू."

"सोडून?" महाड म्हणाला. "माझ्या आधी खानापूर आहे. मी नाही म्हणणार."

मी तोंड उघडलं. आधी निघाला तो आवाज मांजराचा होता. घशात भुसा. पुन्हा तोंड उघडलं. हवालदार तिथंच होता, हात लालच होते, मी होतो तसाच घाबरलेला होतो. फक्त त्या घाबरण्याला ओळ होती.

"खानापूर बसला!" मी ओरडलो. "भीत भीत बसला! आमटी तिखट, पाणी म्हणाला!"

त्यांनी ती अशी परत म्हटली की थप्पीवरची कबुतरं उडाली. मला वाटलं, आता धावत येतील, मिठ्या मारतील. कुणी आलं नाही. कारण गाणं मधेच सोडायचं नसतं. माझ्या ओळीला जोडूनच महाडनं आपली ओळ उचलली, ताठ, रोजच्यासारखी. मग गॅलरी, मग बाकीचे, अगदी बुवा कान झाकून बसेपर्यंत. मी फटीतून बाहेर येऊन भुशानं माखलेला उभा, टाळ्या धरून. सगळं गाणं पुरं झाल्यावर काकी माझ्यापाशी आल्या, ताट सुलटं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"धर आपलं ताट. हात दुखले माझे."

हवालदारानं माझे हात बघितले. "हे लाल कसले?"

"मसाला," काकी म्हणाल्या. "आमची आमटी तिखट असते. गाण्यात ऐकलंत ना आता?"

हवालदारानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कराडकडं. "ऐकलं," तो म्हणाला. "तिखट आहे खरी. जावा लवकर, दिवे लागायच्या आत."

आम्ही पंगतीच्या क्रमानं परत निघालो. पुलावर महाडनं मला विचारलं, "लागलं काय कुठं?" मी नाही म्हटलं. तो लालबाग येईपर्यंत माझ्या सदऱ्यावरचा भुसा झटकत राहिला.

चाळीच्या दारातच वास आला. निघायच्या घाईत काकी चुलीतली लाकडं बाहेर ओढायची विसरल्या होत्या. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं होतं, डाळ तळापासून करपली होती. काकींनी पातेल्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. त्यांनी झाऱ्यानं काळी डाळ खरवडली आणि माझ्या ताटात टाकली.

"खा. आणि परत कधी हरवायचं झालं, तर डाळ उतरवल्यावर हरवत जा."

कुणी नावं ठेवली नाहीत त्या डाळीला. पेणनंसुद्धा ताट पुसून खाल्लं. मी तीनदा मागून घेतली.